तोळाभर गोळी आणि पहिली रायफल

मॉरिसव्हिलमध्ये जास्वंदीला कळ्या धरल्याची पहिली बातमी हरणांना लागते. संध्याकाळी पाणी घालताना मोजलेल्या सात कळ्यांपैकी सकाळी एकही उरत नाही, आणि कुंडीशेजारच्या ओल्या मातीत खुरांच्या दोन-दोन बदामी खुणा दिसतात. पाठोपाठ भेंडीचा पाला जातो.

नॉर्थ कॅरोलायनातलं हे गाव. १८५२ साली जेरेमाया मॉरिसने रेल्वेसाठी जमीन दिली, म्हणून मॉरिसव्हिल. आज वस्ती तीस हजारांच्या आसपास आणि त्यातले निम्म्याच्या जवळपास लोक आशियाई वंशाचे. चर्च स्ट्रीट पार्कवर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, आणि त्याच गावात घरांमागच्या ओक-पाइनच्या पट्ट्यात पांढऱ्या शेपटीचं हरीण राहतं. १९०० साली अख्ख्या राज्यात अशी जेमतेम दहा हजार हरणं उरली होती. आज ती दहा लाखांच्या घरात आहेत.

ऑक्टोबर लागला की ऑफिसातला एखादा सहकारी विचारतो, येतोस का शिकारीला? आणि मग साताऱ्याहून नाहीतर चिंचवडहून आलेला एखादा मुलगा माझ्याकडे येतो. "काका, पहिली रायफल कोणत्या नंबरची घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: चाप ओढताना ज्या रायफलीला तुझा डोळा मिटत नाही, ती. मुलांना हे उत्तर पुरत नाही, त्यांना नंबर हवा असतो. आणि नंबरांची दुनिया खरोखर इतकी रंगतदार आहे की मीही मग खुर्ची ओढून बसतो.

राणीछाप रुपयाच्या वजनाची गोळी

रायफलीच्या गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपला सराफ गुंजेच्या बीवर सोनं तोलायचा, त्यातलाच प्रकार. आता गंमत बघा. इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचं वजन पक्कं केलं ते नेमकं १८० ग्रेन. दोन वर्षांनी सगळीकडे सुरू झालेला चांदीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. आणि अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची लाडकी .३०-०६ रायफल घेतली, तर तिची एक ठरलेली गोळी असते १८० ग्रेनची. म्हणजे बरोब्बर एक तोळा! (हा जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. हल्लीच्या दुकानातला दहा ग्रॅमचा नव्हे.)

तोळ्याचे बारा मासे, म्हणजे एक मासा पंधरा ग्रेनचा. हे एकदा ध्यानात आलं की दुकानातली खोकी मराठीत वाचता येतात. १५० ग्रेन म्हणजे दहा मासे, १६५ म्हणजे अकरा मासे, १२० म्हणजे आठ मासे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे आजीचा राणीछाप रुपया बाहेर निघतो. एका वर्षी मी तो काडतुसं भरायच्या छोट्या काट्यावर ठेवला आणि मग त्याच पारड्यात १८० ग्रेनची सुटी गोळी ठेवली. गोळी १८०.१ भरली. रुपया १७७ भरला. शंभरावर वर्षं कनवटीला आणि देवघरात झिजून त्याने तीन ग्रेन गमावले होते, राणीच्या गालावरची रेघ पुसट झाली होती. तांब्याचा पत्रा चढवलेली गोळी लांबट आणि टोकदार, रुपया पसरट, पण तळहातावर दोन्हींचा भार एकसारखा. इतक्या लहान वस्तूने साठ-सत्तर किलोचं जनावर पडतं, हे त्या दिवशी मला हाताने कळलं.

आकडा आत मोजायचा की बाहेर?

रायफलीच्या नळीच्या आत वळत जाणारे आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. आटे म्हणजे खाच आणि उंचवटा. आता नळीचा व्यास मोजायचा तो खाचेपासून खाचेपर्यंत की उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत? ज्याने जसं मोजलं तसं नाव पडलं, आणि सगळा घोळ इथे आहे.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री घ्या. तिची गोळी .३०३ इंचाची नसतेच, ती .३११च्या आसपास असते. .२७० विंचेस्टरची गोळी .२७७ इंचाची. .३०-३०, .३०-०६ आणि .३०८, तिघींच्या गोळ्या मात्र एकाच व्यासाच्या, .३०८ इंच.

शेपटातले आकडे तर आणखी मजेदार. .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे ३० ग्रेन दारू, ही १८९५ची रीत. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, त्या वर्षी अमेरिकी लष्कराने ते काडतूस स्वीकारलं. .२५०-३००० सॅव्हेज या १९१५च्या काडतुसातले तीन हजार म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट वेग. एका नावात दारूचं वजन, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात वेग!

शिकारी जिम कॉर्बेटची रायफलही अशीच. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली होती. १९०७ साली कॉर्बेटने तिला टिपलं, तेव्हा प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने त्याला .२७५ रिग्बी भेट दिली. ही .२७५ म्हणजे जर्मन ७ बाय ५७ माउझर, १८९२चं काडतूस, फक्त नाव इंग्रजी. गोळी .२८४ इंचाची. ही गोळी लक्षात ठेवा, ती पुढे परत भेटणार आहे.

हिंदुस्थानामुळे जन्मलेले नंबर

१९०७ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. जुन्या लष्करी बंदुकांत ती काडतुसं, निदान त्यांच्या गोळ्या, वापरता येतील आणि बंडखोरांच्या हाती दारूगोळा लागेल ही भीती. लंडनच्या बंदूकवाल्यांचं हिंदुस्थानातलं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं असतं. त्यांनी काय करावं? नंबर थोडा वाढवला. .४६५, .४७०, .४७५ अशी हत्ती-गव्यांची भारी काडतुसं त्या एका बंदीतून निघाली. .३०३ लष्करी म्हणून सामान्य माणसाला मना, म्हणून आपल्याकडे परवान्यावर .३१५ आली, आणि स्वतंत्र भारतातही ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत राहिली. शिकारीला अर्थात ती चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार थांबवली, आणि ते योग्यच झालं. इथे दहा लाख हरणं आहेत आणि त्यांना खाणारा लांडगा जवळजवळ उरलेला नाही, हा हिशोब पूर्ण वेगळा आहे.

बारा बोअर म्हणजे बारा

आपल्याकडे बंदूक म्हटली की बारा बोअर. हे बारा म्हणजे मिलिमीटर नव्हेत. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे करा, त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान, म्हणून वीस बोअरची नळी बारीक.

यातच एक घातक सापळा आहे. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत सरकतं आणि मध्येच अडकतं. वरून कुणी बाराचं काडतूस भरून चाप ओढला की नळी फाटते. म्हणून वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात. रायफलींतही .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३च्या रायफलीत बसतं आणि तिच्या चिंधड्या उडवतं. नळीवर कोरलेला नंबर आणि काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावरचा नंबर, दोन्ही प्रत्येक वेळी वाचायचे.

डमडम

कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात १८९०च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोक उघडं ठेवलेली गोळी बनवली. आत शिरली की ती फुलायची. युद्धात अशी गोळी वापरू नये, असं १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने ठरवलं. आणि हरणाच्या शिकारीत? नेमकं उलट. अमेरिकेत अनेक राज्यांत फुलणारीच गोळी सक्तीची आहे. न फुलणारी गोळी आरपार सुईसारखी जाते, हरीण मैलभर पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. फुलणारी गोळी फुप्फुसांत लागली तर काही सेकंदांत सगळं संपतं.

हल्ली शिशाऐवजी निव्वळ तांब्याची गोळी घ्या, असं मी मुलांना आवर्जून सांगतो. शिशाचे कण मांसात आणि टाकलेल्या आतड्यांत राहतात, ते गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडांसाठी जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं. आपण तर डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधामुळे गिधाडं गमावलेली माणसं, आपल्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एका पुंगळीची भावंडं

आता मुद्द्याच्या नंबरांकडे. १९५२ साली .३०८ विंचेस्टर आली. तिच्याच पुंगळीची मान आवळून १९५५ मध्ये .२४३ केली. १९८० मध्ये रेमिंग्टनने त्याच पुंगळीत ७ मिलिमीटरची गोळी बसवून ७ एमएम-०८ आणली. इथला ०८ म्हणजे साल नव्हे, तर ३०८ची शेपटी. ही ७ मिलिमीटर म्हणजे पुन्हा .२८४, कॉर्बेटच्या रायफलीचीच गोळी. तिघी भावंडं एकाच लांबीच्या रायफलीत बसतात, फक्त नळी वेगळी. हरणासाठी तिघीही भरपूर.

मॉरिसव्हिलच्या आसपासचं रान दाट आहे, बहुतेक हरीण शंभर यार्डांच्या आत दिसतं. तिथे म्हातारी .३०-३०सुद्धा पुरते. जॉन ब्राउनिंगने आखलेली विंचेस्टर मॉडेल १८९४ सत्तर लाखांवर खपली ती उगाच नाही.

६.५ क्रीडमूरचं नाव हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्याकडे अनेकांना वाटतं की हे आपल्याच राज्यातलं. पाऊण तासावर क्रीडमूर नावाचं गाव आहेच ना! पण ते नाव न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवरचं. क्रीड कुटुंबाच्या शेतावर १८७३ साली तिथे नेमबाजीचं मैदान सुरू झालं, त्यावरून क्रीडमूर. काडतूस मात्र २००७चं. धक्का सौम्य, नेम उत्तम. पहिल्या रायफलीसाठी मी त्याला नाही म्हणत नाही.

मिलिमीटरभराची गोष्ट

आणि आता ते, ज्यासाठी मी एवढा वेळ बसतो.

दुकानात माणूस ताकद विचारतो. माझ्या ओळखीतल्या एकाने पहिलीच रायफल .३०० मॅग्नम घेतली, कारण पुढेमागे अस्वल, एल्क, सगळ्याला चालेल. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने दस्ता मागे येतो, न्यूटनला कुणी चुकवू शकत नाही. .२४३चा धक्का .३०-०६च्या निम्म्याच्या आसपास आणि मॅग्नम तर .३०-०६च्याही पुढे. तीन बार झाले की खांदा शिकतो, आणि चौथ्या वेळी चाप ओढायच्या आधीच शरीर आवरून घेतं. डोळा मिटतो, खांदा पुढे झुकतो, नळीचं टोक खाली जातं.

मला हे एका म्हाताऱ्या अमेरिकन शेजाऱ्याने दाखवलं. रेंजवर त्याने माझ्याकडे पाठ करून पाच काडतुसं भरली, त्यातली दोन बनावट, आत दारू नाही. कोणती ते सांगितलं नाही. पहिला बार ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्या वेळी नुसता 'टक्' आवाज आला, आणि ना बार ना धक्का अशा त्या शांततेत माझ्या रायफलीचं टोक स्वच्छ खाली बुडालेलं मी पाहिलं. शेजारी काही बोलला नाही. त्याने माझ्या कानातल्या बोळ्यांवर आणखी एक जाड मफ चढवला आणि हातात .२२ रायफल दिली.

हिशोब करून बघा. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत मीटरभर अंतर धरा. टोक फक्त एक मिलिमीटर खाली गेलं तर शंभर यार्डांवर गोळी नऊ सेंटिमीटर खाली जाते. हरणाच्या खांद्यामागची हृदय-फुप्फुसांची जागा असते साधारण एका पोळीएवढी, मध्यापासून कडेपर्यंत दहा सेंटिमीटर. एका मिलिमीटरच्या दचकण्यात पोळीची कड जवळजवळ गाठली. त्याहून जरा जास्त दचकलात की गोळी हृदय-फुप्फुसांच्या खाली गेली. मग मॅग्नमची ताकद काय कामाची?

आधी निम्मं दचकणं आवाजाचं असतं, म्हणून कान दुहेरी झाका. आणि सराव .२२वर करा. १८८७ पासूनचं हे काडतूस, गोळी चाळीस ग्रेनची, तीन माशांहूनही कमी. हरणावर ते कधीही झाडू नये, पण हात त्यानेच घडतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच .२२वर, पन्नास मीटरवरून. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली तीही याच .२२वर.

सरहद्द ओलांडली की नंबर बदलतो

शेजारच्या व्हर्जिनियात हरणासाठी रायफल .२३ किंवा त्याहून मोठी लागते, म्हणजे .२२३ बाद. कोलोरॅडोत किमान .२४. ओहायोत सरळ भिंतीच्या पुंगळीचीच काडतुसं चालतात, कारण सपाट आणि दाट वस्तीच्या मुलखात फार लांब जाणारी गोळी नको. अशा राज्यांसाठी २०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लीजंड हे काडतूस मुद्दाम घडवलं. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात काउंटीगणिक स्थानिक नियम आहेत, जायच्या आधी ते वाचावेच लागतात.

तुरुंगातला कारागीर

रॅलेच्या राज्य इतिहास संग्रहालयात एका माणसाचं अख्खं वर्कशॉप उचलून आणून ठेवलं होतं. डेव्हिड मार्शल विल्यम्स, इथल्याच कंबरलंड काउंटीचा. १९२१ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि तिथल्या लोहारखान्यात बंदुकीच्या यंत्रणा घडवत बसला. त्याची आखूड दट्ट्याची युक्ती पुढे एम-१ कार्बाइनमध्ये वापरली गेली. १९५२ मध्ये जेम्स स्ट्युअर्टने पडद्यावर त्याची भूमिका केली.  त्या कार्बाइनचं ११० ग्रेनच्या गोळीचं काडतूस हरणासाठी मात्र फारच नरम.

केशरी कोट आणि कागदपत्रं

बंदुकीच्या शिकारीत भडक केशरी रंग अंगावर हवाच. हरणाच्या डोळ्याला तांबडा-केशरी वेगळा ओळखू येत नाही, निळा मात्र आपल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे केशरी कोट माणसांना लांबून दिसतो आणि हरणाला मळकट वाटतो. निळी जीन्स घालून मात्र जाऊ नका.

एच-१बी किंवा एफ-१वर असलेल्यांनी हे नीट वाचावं: केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, पण एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना हाती असेल तर अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. नॉर्थ कॅरोलायनात परवान्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, ही सक्ती १९९१ पासूनची. घरात लहान मूल असेल तर रायफल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो वन्यजीवांसाठी राखून ठेवलाय. दहा हजारांची दहा लाख हरणं झाली, त्यात या पैशांचा मोठा वाटा आहे.

ठासणीचा पंधरवडा

आमच्या भागात बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला उघडतो, पण त्याआधी दोन आठवडे फक्त ठासणीच्या बंदुकीचे असतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कुडाळकडचं आजोळ आठवलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, भाताच्या मळ्यात रानडुकरं उतरायची म्हणून. नळीतून दारू, वर काथ्याची बोळी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा पावती जपून पंचांगात ठेवायचे. खंडेनवमीला तिला कोयत्या-पारळ्यांच्या शेजारी पाटावर जागा मिळायची, दस्त्याला हळदकुंकू आणि नळीभोवती झेंडूची माळ.

साताऱ्याहून आलेल्या एका मुलाने शेवटी ७ एमएम-०८ घेतली. दोन महिने .२२ झाडली, मग बनावट काडतुसाच्या परीक्षेत पाचपैकी पाच वेळा त्याच्या रायफलीचं टोक जागचं हललं नाही. खंडेनवमीला तो रायफल घेऊन आमच्याकडे आला. बोल्ट काढून बाजूला ठेवला, खजिना रिकामा असल्याचं मला दाखवलं, मग मी बघितलं, मग माझ्या बायकोने बघितलं. दस्त्याला हळदकुंकू लागलं. परसातल्या जास्वंदीवर हरणांनी एक कळी शिल्लक ठेवली होती, ती वाहिली. पाटाच्या कोपऱ्यात राणीछाप रुपया होता. मुलाने खिशातून तांब्याची १२० ग्रेनची सुटी गोळी काढून त्याच्याशेजारी ठेवली आणि म्हणाला, "काका, आठ मासे."